सहाणीवरची कॅप्सूल

"औषध कोनतंबी असो, सहाणीवर घोटल्याबिगर अन् मधात कालवल्याबिगर पोटात जाऊ देऊ नको वं. अख्खं गिळलेलं अंगी लागत नाई."

सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. पण सहाण पुढ्यात घेतली की वच्छलाबाईंना हा आवाज असाच ऐकू येई. तुळशीला पाणी घालून झालं होतं, पोथीचा अध्याय वाचून झाला होता. त्याआधी पाण्याचा घोटही न घेण्याचा त्यांचा नेम होता. आता त्यांनी नखाने कॅप्सूलची दोन टोपणं ओढून वेगळी केली. आतले खसखशीपेक्षा थोडे मोठे, पांढरे दाणे सहाणीवर सांडले. टोपणं कागदात गुंडाळून केरात गेली. पुसदला शिकणारी नात वैष्णवी दिवाळीत सांगून गेली होती, "आजी, ही टोपणं जनावरांच्या हाडांपासून करतात." तेव्हापासून ती हातात धरतानाही त्यांचं अंग शहारे.

दाण्यांचं पार पीठ होईपर्यंत त्यांनी घोटलं, मधात कालवलं, बोटाने चाटलं. थोड्याच वेळात छातीखाली पुन्हा आग पेटली.

"पाह्य," ओट्यावरून सदाशिवराव म्हणाले, "यवतमाळच्या डॉक्टरनं नळी टाकून पाह्यलं. अल्सर हाय म्हणे, गोळ्याईनं जाते म्हणे. कुठं गेला? बियाणं बोगस निघते, फवारणीचं औषध बोगस निघते, मंग गोळी काहून नाई निघणार?"

"डॉक्टर भला मानूस वाटला जी."

"डॉक्टरले कोन म्हणून राह्यलं? दुकानात गोळी देनारा पाह्य." त्यांनी रिकामं पाकीट उन्हात धरलं. "आंदीचं हिरवं होतं, हे निळं हाय. काहून?"

वच्छलाबाईंनी हे मुजफ्फरला विचारलं होतं. ढाणकीच्या बाजारात त्याचं मेडिकल होतं. तो भिंतीपलीकडच्या हजराबीचा मुलगा. दुकानात गर्दी होती. "कंपनी बदलली मावशी, औषध तेच हाय," एवढंच तो बोलला, तेही मान वर न करता. ती वर न झालेली मान त्यांच्या मनात रुतून बसली. खरं बोलणारा माणूस नजरेला नजर देतो.

त्या गुरुवारी दत्ताच्या देवळात आरतीनंतर बायांनी पोटाचं विचारलं. वच्छलाबाई हळूच म्हणाल्या, "मुजफ्फरच्या गोळीनं काई फरक नाई. असल हाय का नक्कल, देव जाने."

इतकंच. आवाज चढवणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. पण देवाआधी पाणी न पिणारी बाई उगाच कशाला बोलेल, असं बायांना वाटलं. पुढच्या बाजाराला लोक मुजफ्फरचं दुकान ओलांडून पुढच्या दुकानात जाऊ लागले. तो रिकाम्या हाताने उभा दिसला. "तब्येत कशी हाय मावशी?" त्याने विचारलं. काहून विचारून राह्यला हा, असं मनात म्हणत त्या पुढे गेल्या.

मग एका सकाळी हजराबी आली. "बाई, एक बात पूछनी थी," म्हणता म्हणता तिची नजर सहाणीवर गेली. "हे काय करून राह्यले तुमी?"

"औषध घोटून राह्यली."

"मुजफ्फरची कॅप्सूल? फोडून?"

"टोपण हाडाचं असते म्हणे. माह्या पोटात कसं जाऊ देऊ?"

हजराबी पाटावर बसली आणि तोंडाला ओढणी लावून हसायलाच लागली. "या अल्ला! मैं भी यहीच बोली थी उसकू. कौनसे जानवर का हाय, मालूम नाई, मैं नाई खाती. मंग त्यानं मले बिनाटोपणाची गोळी देली. पूछना तो था ना, बाई!" मग तिचं हसू ओसरलं. "पण घोटता काहून?"

वच्छलाबाईंनी सासूबाईंचं सांगितलं. हजराबीने फोन लावला.

मुजफ्फर आला तो उंबऱ्याबाहेरच थांबला. लहानपणी थेट चुलीपाशी येऊन भाकरी मागणारं पोर. सहाण पाहून त्याने कपाळाला हात लावला.

"मावशी, पोटातलं आम्ल ह्या औषधालेच खाऊन टाकते. म्हणून दाण्यादाण्यावर पापुद्रा असते. तो शाबूत राहिला तर औषध खाली आतड्यात पोहचते, तिथून रक्तात जाते, अन् रक्तातून पोटाकडं येऊन आम्लाची तोटी बंद करते. आम्ल थांबलं का जखम भरते. डॉक्टरनं देलेल्या जंतू मारायच्या गोळ्याबी तवाच नीट काम करतेत. तुमी पापुद्राच घोटून टाकला."

"अन् हिरव्याचं निळं?" सदाशिवरावांनी विचारलं.

"कंपनी बदलली काका. सांगतलं होतं मी." या वेळी त्याने सरळ डोळ्यांत पाहिलं. "डॉक्टरले विचारून बिनाटोपणाची गोळी धाडतो. उपाशीपोटी अख्खी गिळा लागन. जेवण अर्ध्या तासानं."

एवढं सांगून तो दुकानाकडे वळला.

हजराबी मात्र घुटमळली. "बाई, मी पूछने आलती ते राह्यलंच. देवळात तुमी…"

"म्हटलं म्या."

"दुसरं कोनी बोलतं तर लोकं हसले असते. तुमच्या तोंडून निघालं, म्हणून पटलं त्याईले."

वच्छलाबाईंनी सहाण बाजूला सारली. "त्याच तोंडानं मांगं घेतो. त्याच देवळात. येत्या गुरुवारी."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गोळी अख्खी गिळायला सुरुवात केली. ती घशातून खड्यासारखी उतरे आणि सासूबाई कानात पुटपुटत. गुरुवार आला. आग कमी झाली होती, की नुसतं तसं वाटत होतं? त्यांना नीट कळेना.

"आंदी बरं तर होऊ दे," सदाशिवराव म्हणाले. "नाई गुण आला तर? मंग काय सांगशीन लोकायले?"

"गुण येवो का न येवो. म्या घोटलं ते तं खरं हाय."

त्यांनी सहाण धुऊन देवघरात ठेवली, आता फक्त चंदनासाठी. आरतीचं ताट पदराखाली घेतलं. माहूरच्या दिशेला मान लववली आणि बाया जमायच्या आत पोहोचावं म्हणून रोजच्यापेक्षा लवकरच घराबाहेर पडल्या.