थोरल्याचा खाऊ

जगन्नाथला रविवारी घरात बसवणं ताराला वीस वर्षांत जमलं नव्हतं. आठवडाभर ऑफिसात फायलींमध्ये मान खुपसून बसणारा हा गरीब माणूस रविवारी उजाडायच्या आत स्कूटरला किक मारायचा आणि नवीन जालन्याहून थेट वडीगोद्रीच्या पुढच्या तळ्यावर जाऊन गळ टाकायचा. मरळ धरायची तर गळाला बारकी मासळी लावावी लागते, जिवंत असली तर उत्तम. ती तो तिथल्याच उथळ पाण्यातून फडक्यानं गाळून डब्यात ठेवायचा. मरळ लागो न लागो, डब्यात पाच-सहा मासळ्या हमखास उरायच्या. ताराच्या गळ्यात तुळशीची माळ. धरलेली मरळसुद्धा तो वाटेतच कुणाला तरी देऊन टाकायचा, मग उरलेलं आमिष फ्रिजमध्ये ठेवायची बात कशाला?

पण त्याचीही सोय होती. परतीच्या वाटेवर सोनूबाईआत्याचं शेत होतं, शेतात विहीर होती आणि विहिरीत थोरला होता. मरळच ती, हातभर लांब, पण आत्याच्या तोंडी ‘तो थोरला’. विहिरीला पाणी लागलं त्या साली तिच्या मालकांनी बोटाएवढं पिल्लू आणून सोडलं होतं, पाणी साफ राहावं म्हणून. पुढं मालक गेले. पोटी मूलबाळ नव्हतं. आत्या रोज सकाळी पायऱ्या उतरून भाकरीचा कुटका पाण्याशी हलवायची आणि थोरला वर येऊन भप्पकन हवा घ्यायचा. दिवसभरातलं तिचं बोलणं काय ते तेवढंच. जगन्नाथ डबा विहिरीत उपडा करायचा, पाण्यासकट, आणि थोरला त्या मासळ्यांवर तुटून पडायचा. भाचा थोरल्यासाठी खाऊ आणतो याचं आत्याला कोण कौतुक!

ब्याण्णवच्या डिसेंबरात थंडी कडक पडली. एका रविवारी तळ्यावर जगन्नाथला दोन मेलेल्या मरळी काठाला लागलेल्या दिसल्या. अंगावर रुपयाएवढ्या लाल जखमा. त्याच्या डब्यातल्या एका मासळीच्या शेपटीशीही लाल ठिपका होता. गळ टोचला असेल, असं म्हणून त्यानं मनाची समजूत घातली. आपल्या सोयीचं असलं की माणसाला लगेच पटतं. त्या दिवशीही डबा थोरल्यापुढंच रिकामा झाला.

दोन आठवड्यांनी मत्स्य खात्यातले अप्पाराव कॅन्टीनमध्ये भेटले. मेलेल्या मरळींचा विषय सहज निघाला तशी त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि माशांत रोगाची साथ आहे म्हणून सांगितलं. एका पाण्यातली मासळी दुसऱ्या पाण्यात सोडू नका. डब्यातलं पाणीसुद्धा लांब कोरड्या मातीत ओता. उरलेली मासळी मारून खड्या मिठाच्या थरात घट्ट झाकून ठेवा आणि त्याच तळ्यावर वापरा. मिठानं ती सडत नाही, पण रोग मरतोच असं नाही, तेव्हा दुसरीकडं नेऊच नका. जगन्नाथनं विचारलं, आणि आधीच सोडली असेल तर? अप्पारावांनी पाण्यात चुना टाकायला सांगितलं. लागण झालेल्या माशाचं मात्र काही खरं नाही, असंही सांगितलं.

त्या रविवारी जगन्नाथनं तळ्यावर उरलेल्या मासळ्या सांगितल्याप्रमाणं मिठात घातल्या. तिथून तो चुन्याची पिशवी घेऊन विहिरीवर आला. आत्या शेवटच्या पायरीवर बसली होती. थोरला कडेला तिरपा तरंगत होता. पाठीवर तळहाताएवढी जखम, आतलं मांस दिसत होतं. हवा घ्यायला तो यायचा आणि अर्ध्यातच कलंडायचा. त्यानं चुना कालवून पाण्यात सोडला, हात भाजले तरी सोडत राहिला. आपण काहीतरी करतोय एवढंच समाधान, बाकी त्याला सगळं दिसत होतं.

“चार दिस झाले, भाकर खाऊन न्हाई राह्यला,” आत्या म्हणाली. “हळद लावली, न्हाई राह्यली. तुझ्या डब्यातली मासळी घाल बरं, जगू. ती खाईल त्यो.”

जगन्नाथनं डब्याला हात लावला नाही. तिनं स्वतःच डब्याचं झाकण काढलं. आत मिठात पडलेल्या मासळ्या होत्या, पांढऱ्या डोळ्यांच्या. तिनं एक उचलली, पदरानं मीठ पुसलं आणि पाण्याकडं वाकली.

त्यानं तिचं मनगट धरलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं आत्याचा हात असा अडवला होता.

“नको, आत्या. ह्या मासळीनंच त्याला हे लागलंय. मीच आणून टाकलं.”

आत्यानं त्याच्याकडं पाहिलं. ती ओरडेल, दोन शिव्या घालेल तर बरं, असं त्याला वाटत होतं. मासळी तिनं हळूच डब्यात ठेवली आणि झाकण लावलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. उलट एवढ्या दिवसांनी कुणीतरी सापडलं, अशी आशा होती.

“मंग तुला ठावं असंल की,” ती म्हणाली. “तूच बरा कर त्याला.”

ती बाजूला सरकली आणि पाण्याजवळची जागा तिनं त्याला करून दिली.