शाळेच्या भिंतीतले चौतीस इंच

गल्लीत मला सगळे भुयारवाली म्हणतात. म्हणोत बापडे. माझं शिवणकामाचं दुकान आहे, तीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाचा कोट खांद्यात चुकलेला नाही. पण मशीन चालवताना पाय गुंतलेले असतात आणि डोकं रिकामं, त्याला मी तरी काय करू? बुडालेली शहरं, मेल्यावर दोन गावांत दिसलेला राजा, नदीखालून जाणारं भुयार, सगळ्याच्या वह्या आहेत माझ्याकडे. शेजारचे मास्तर विचारतात, "पुरावा कुठाय?" मी म्हणते, तुमच्या पुस्तकात लिहिलंय ते तरी बघायला कोण गेलं होतं?

आत्याच्या खोलीचं मात्र तसं नव्हतं. ते घरचं होतं.

आत्या आता ब्याऐंशीची. ती आठ वर्षांची असताना गावात लढाई शिरली, तीन दिवस रस्त्यावर गोळीबार चालला. ती सांगते, शाळेतल्या मोठ्या बाईंनी आम्हा मुलींना एका चोरखोलीत दडवलं, लांब वर्गाच्या टोकाला, भिंतीच्या आत. पुढे शाळेची डागडुजी झाली. नकाशात खोली नाही, बरोबरच्या मुली पांगल्या, बहुतेक वारल्या, आणि घरच्यांनी आत्याला वेड्यात काढलं. माझे बाबासुद्धा म्हणायचे, "ताईनं सोडली पुन्हा पुडी." गेल्या महिन्यात ती अंथरुणाला खिळली. माझा हात धरून म्हणाली, "मरायच्या आधी कुणीतरी एकदा म्हणावं, म्हातारी खरं बोलत होती. बाकी काही नको मला."

झालं. टेप उचलली आणि शाळेत गेले.

त्या लांब वर्गात आतून सरळ दोरी धरली, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत, आणि दोरी मोजली. बाहेरून तसं जमेना, खिडक्या आणि त्यांच्यामधले खांब आडवे येत होते. मग तुकड्यातुकड्यानं घेतलं, सतरा तुकडे, प्रत्येकाचं माप वहीत. घरी येऊन बेरीज केली, दोन्ही टोकांच्या भिंतींची जाडी वजा केली, तरी बाहेरचं माप आतल्यापेक्षा चौतीस इंच जास्त! चौतीस इंचांत मुली दाटीवाटीनं सहज बसतात. हेडमास्तरांना वही दाखवली. भला माणूस. म्हणाले, "बाई, शनिवारी गवंडी बोलावतो, एक भोक पाडून बघू." मी गल्लीभर छातीठोकपणे सांगितलं. आत्यालाही सांगितलं. ती त्या दिवशी पोटभर जेवली.

शुक्रवारी सकाळी एका वकिलाच्या कोटाचं माप घेत होते. टेप म्हणाली वीस, आणि माझ्या पेन्सिलीनं लिहिलं बावीस. लिहून झाल्यावर आकडा दिसला तेव्हा कळलं. शिवणीसाठी दोन्ही कडांना एकेक इंच जास्त सोडतात, ती माया. कापडाचा तुकडा म्हटला की माझा हात माया धरूनच लिहितो, तीस वर्षांची सवय. मी तशीच पेन्सिल धरून उभी राहिले. सतरा तुकडे, दोन-दोन इंच. चौतीस. अहो, भिंतीला माया धरली होती मी! वकील म्हणाले, "काय झालं? वजन वाढलं का माझं?"

दुसरी कुणी असती तर गप्प बसली असती. भोक पाडू दिलं असतं आणि गवंड्याच्या नावानं खापर फोडलं असतं. मला ते जमत नाही. दुकान बंद करून आत्याकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं.

ती उशीवरून मान उचलून म्हणाली, "म्हणजे खोली नाहीच?"

"माझं माप चुकलं, एवढंच म्हणतेय मी."

"मग ती गेली कुठून?"

"कोण ती?"

"आम्ही सात जणी आत होतो. दुसऱ्या दिवशी पाणी संपलं. मी आमच्यातल्या एकीला म्हटलं, तू जा, तू चपळ आहेस." आत्याचा आवाज अगदी साधा होता. "सहा जणी बाहेर आलो. लोक म्हणाले, ती आधीच मामाकडे गेली असेल. खोलीच नव्हती म्हणे, मग तिथून कोण जाणार?"

मला स्वतःची भयंकर लाज वाटली. इतकी वर्षं मी तिला खोली किती लांब, दार कुठल्या बाजूला हेच विचारत आले. आत कोण होतं ते एकदाही विचारलं नाही.

पण लाज वाटली म्हणून हात बांधून बसणारी मी नव्हे. शनिवारी शाळेत जाऊन आधी गवंड्याला परत पाठवलं. मग हेडमास्तरांना म्हटलं, "भिंत राहू द्या. त्या सालाचं हजेरीपुस्तक काढा." ते तासभर माळ्यावर धूळ उपसत होते. शेवटी सापडलं.

आत्याच्या वर्गात एकेचाळीस मुली. लढाईच्या तीन दिवसांचे रकाने कोरे. चौथ्या दिवशी मोठ्या बाईंनी नेहमीसारखी हजेरी घेतलेली, समासात शेरा 'रस्ते अजून बंद', पस्तीस गैरहजर, सहा हजर. त्या सहांत आत्या. मी हेडमास्तरांना विचारलं, "रस्ते बंद असताना या सहाच जणी शाळेत कशा पोचल्या?" पोचल्या कुठे, त्या आतच होत्या की! पुढच्या आठवड्यात बाकीच्या एकेक करून परत आलेल्या दिसतात. एक सोडून. तिच्या ओळीत वर्षअखेरपर्यंत गैरहजर. खोली कुठल्या भिंतीत होती ते मी शोधीनच, पण मुली शाळेत होत्या हे आता शेजारच्या मास्तरांच्या बापालाही नाकारता येणार नाही.

सही करून पुस्तक आत्याकडे नेलं, तिच्या मांडीवर उघडून ठेवलं.

"आत्या, तू खरं बोलत होतीस," मी म्हटलं. "हे बघ, सहा हजर. शाईत लिहिलंय."

तिनं स्वतःचं नाव पाहिलंसुद्धा नाही. चष्मा सारखा केला, बोट ओळीओळीनं खाली नेलं आणि एका नावावर थांबवलं.

"हिला गैरहजर मांडलंय," ती म्हणाली. "गैरहजर नव्हती गं ती. पाण्याला गेली होती."