पास्क्वालाचा पहारा

माझी थोरली मुलगी ओदिलिया हिच्या डोक्यावर पाणी शिंपडून पाद्रीबाबांनी तिला नाव दिलं, ते एकोणीसशे अठ्ठावन्न साल. पाद्रीबाबा आमच्या मेंढवाड्यावर वर्षातून एकदाच घोड्यावरून यायचे. तोवर पोरगी चालायला लागली होती, आणि पाणी पडताच तिने त्यांच्या पोटात लाथ घातली. सगळे म्हणाले, बापावर गेली. उगाच माझी स्तुती. मी त्या मेंढवाड्याचा सिंहमाऱ्या होतो खरा, पण आठ महिन्यांत माझ्या हातून एक उंदीरसुद्धा मेला नव्हता.

आम्ही पातागोनियातली माणसं डोंगरातल्या त्या पिवळट, लांब शेपटीच्या जनावराला सिंहच म्हणतो. आयाळ नाही, गर्जना नाही, पण एका रात्रीत दहा मेंढ्या लोळवतो आणि खातो एक. पोट भरल्यावर जे उरतं त्यावर पंजाने गवत ओढून झाकतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जेवायला येतो. त्याला मारायचं तर कुत्र्यांनी माग काढायचा, कड्याशी कोंडायचं, आणि मग मी धापा टाकत पोचून गोळी घालायची. म्हणजे काम कुत्र्यांचं आणि नाव माझं.

माझ्या कुत्र्यांत म्होरकी पास्क्वाला. ईस्टरच्या दिवशी जन्मली म्हणून ते नाव. अकरा वर्षांत तिने साठ सिंह कोंडले. पण त्या वर्षी तिचे मागचे पाय गेले. चार पावलं चालली की बसायची आणि माझ्याकडे अशी बघायची, जणू मीच दमलोय आणि ती माझ्यासाठी थांबलीये.

मुकादम दोन एवारिस्तो, 'दोन' म्हणजे आमच्याकडे 'साहेब', वाईट माणूस नव्हता. पण मेंढवाड्याचा नियम होता, काम न करणाऱ्या कुत्र्याला मटण नाही. आणि मटण नाही म्हणजे गोळी. लोकर कातरायच्या आधी तो दरवर्षी कुत्री बघत फिरायचा. नोव्हेंबरात तो आमच्या दारात घोडा थांबवून म्हणाला, "काय रे बेलार्मिनो, म्हातारीचं काय ठरवलंस?"

"तिला काय झालंय? दोन एवारिस्तो, तुमच्यापेक्षा जोरात पळते ती."

"मी घोड्यावरून उतरतही नाही. हे बघ, कातरणीपर्यंत तिने एक सिंह कोंडून दाखवावा. नाहीतर मी येतो बंदूक घेऊन. तुझ्याच्याने व्हायचं नाही ते."

तो गेल्यावर माझी बायको एर्सीरा म्हणाली, "आता?"

"आता आमिष," मी म्हणालो. "सिंहाच्या मागे कशाला पळायचं? सिंहच आपल्याकडे येईल. मी मारीन, आणि कातडं पास्क्वालाच्या नावावर लावीन."

"तुम्ही आमिष लावणार? मासे धरायला गेलात तेव्हा गळ स्वतःच्या कानात अडकवून आला होतात."

"तो वारा होता."

"वारा तर रोजच असतो हो."

मी ऐकलं नाही. एक म्हातारी मेंढी मारली, तिचं आतडं दोरीने घोड्यामागे बांधलं आणि खडकांपासून झऱ्यापर्यंत फरफटत आणलं, म्हणजे वास थेट आमिषापर्यंत यावा. झऱ्याकाठच्या काटेरी झुडपाखाली मेंढी ठेवली, सिंह झाकतो तसं तिच्यावर गवत ओढलं. मग स्वतःचा विचार केला. माझ्या अंगाला धुराचा, घोड्याचा आणि कालच्या कांद्याचा वास. तेव्हा आमिषापासून पंधरा पावलांवर एका खळग्यात आडवा झालो, पास्क्वालाला कुशीत घेतलं आणि आम्हा दोघांवर गवत पसरलं. आमचं गवत म्हणजे सुयांचे झुपके. तळहात रक्तबंबाळ झाले, पण डोळे आणि बंदुकीची नळी सोडून मी दिसेनासा झालो. स्वतःच्या हुशारीचं मला इतकं कौतुक वाटलं की आता फक्त सिंहाने येऊन शाबासकी द्यायची बाकी होती.

एकच चूक झाली. मेंढी मारल्यावर तिचा एक खांदा मी दुपारी भाजून खाल्ला होता. आमिषाला एक खांदा पुरे, असं माझं मत पडलं. पोट भरलेलं, गवताखाली वारा लागत नव्हता, कुत्री शेकोटीसारखी ऊबदार. पास्क्वाला आधी घोरायला लागली. तिचं घोरणं थांबवायला हात पुढे केला, एवढंच मला आठवतं.

बरगडीत बुटाचं टोक लागलं तेव्हा जाग आली. ऊन अजून होतं. वर दोन एवारिस्तोचा चेहरा, आणि तो ताकासारखा पांढरा पडलेला. कुंपण बघत चालला होता, माझा रिकामा घोडा दिसला म्हणून आला.

"जिवंत आहेस?" तो कुजबुजला.

"बहुतेक."

"हलू नकोस. कुठे फाडलंय का तुला?"

मी मान वळवली. झुडपाखाली आमिष नव्हतं. ओढत नेल्याची रेघ खडकांकडे गेली होती. आणि झऱ्याच्या चिखलात पावलं, बशीएवढी. आमिषापासून माझ्या बुटांपर्यंत आलेली, तिथे थांबलेली, आणि परत गेलेली. सिंहाने दोन जेवणं बघून त्यातलं बरं निवडलं होतं.

"देवा," दोन एवारिस्तो म्हणाला, "त्याने तुला झाकून ठेवलं. उद्यासाठी."

मी तोंड उघडलं. "अहो, ते गवत मीच..." असं म्हणणार होतो. नुसता झोपलेला शिकारी ठरलो असतो, आणि झोप काय, कुणालाही लागते. पण तेवढ्यात पास्क्वाला जागी झाली. डोक्यावर उभा परका माणूस बघून ती माझ्या छातीवर चढली आणि उरलेल्या चार दातांनिशी मुकादमावर भुंकू लागली.

तो दोन पावलं मागे सरला. त्याच्या खांद्याला बंदूक होती. तो कुत्रीकडे बघत राहिला. "ही... ही सगळा वेळ इथेच होती?"

"इथेच."

"म्हणून त्याने तुला फाडलं नाही. हिने येऊ दिलं नाही त्याला."

मी तोंड मिटलं. मग पुन्हा उघडलं. "ही नसती तर, दोन एवारिस्तो," मी म्हणालो, "तुम्हाला माझे बूटच सापडले असते."

त्याने टोपी काढली. कुत्रीसमोर टोपी काढणारा मुकादम मी त्याआधी पाहिला नव्हता. "हिला मरेपर्यंत मटण," तो म्हणाला. "कोण काय बोलतो बघतो मी." मग माझ्याकडे वळला. "आणि तू आजपासून कुंपणावर. सिंहाने पुरलेला सिंहमाऱ्या मी मालकांना काय म्हणून दाखवू?"

घरी एर्सीराने माझे तळहात हातात घेतले, उलटसुलट पाहिले. "सिंहाने पुरलं म्हणे," ती म्हणाली. "हे हात गवत उपटणाऱ्याचे आहेत." मग त्यांना मेंढीची चरबी चोळली. त्यानंतर आयुष्यभर तिने तो विषय काढला नाही.

बाकीच्यांनी मात्र रोज काढला. कातरणीच्या मजुरीला उत्तरेकडच्या बेटांवरून चाळीस माणसं आली. पहिल्याच जेवणाला आचारी ओन्याते डाव वाजवत ओरडला, "या शिळोबा! तसेच खाल की गरम करून वाढू?" तेव्हापासून मी शिळोबा. नवा माणूस आला की दोन एवारिस्तो मला बोलवायचा, "सांग रे, कसं झालं ते!" आणि मी सांगायचो. सिंहाचा श्वास, त्याचे पंजे, अंगावर पडणारं गवत. दरवेळी सिंह थोडा वाढायचा आणि मी थोडा घटायचो. कुणी हसता हसता विचारलं, "पण तू उठला का नाहीस रे?" तर म्हणायचो, "उठलो असतो तर त्याची मेहनत वाया गेली असती." पास्क्वाला चुलीपाशी हाड चघळत ऐकायची. चुकीचं सांगतोय म्हणून तिने एकदाही भुंकून दाखवलं नाही.

तो सिंह दुसऱ्या वर्षी नव्या सिंहमाऱ्याने मारला. कातडं बघायला मी गेलो होतो. पंजा हातात घेऊन पाहिला, मऊ होता. त्याने गवताची एक काडीही हलवली नव्हती, हे त्याला आणि मला ठाऊक, आणि दोघांपैकी एकजण तर भुशाने भरलेला.

दोन एवारिस्तो जिवंत होता तोवर खरं सांगणं शक्य नव्हतं. त्या गोष्टीसाठी त्याने टोपी काढली होती. तो या वर्षी मार्चमध्ये पुन्ता आरेनास शहरात लेकीच्या घरी वारला. आता मला लिहिता येतं. अठ्ठावन्न साली चालत जाऊन बाप्तिस्मा घेणाऱ्या ओदिलियाने मला शिकवलं, माझ्या वयाच्या सत्तराव्या वर्षी, आणि चुकलो की अजूनही लाथ मारायचा विचार तिच्या तोंडावर दिसतो.

एर्सीरा चार वर्षांपूर्वी गेली.

पास्क्वाला एकोणीसशे एकसष्टच्या हिवाळ्यात, ऑगस्टात, बर्फ पडत असताना, आमच्या चुलीजवळ झोपेत मेली.