आमच्याकडे पाणी येत नाही

सभेला फुकट चहा आणि बिस्किटं ठेवलेली दिसली, तेव्हाच मी ओळखलं की कुठेतरी पाणी मुरतंय.

शाळेच्या हॉलमध्ये टेबलावर किनाऱ्याचा नकाशा पसरला होता. समुद्राचं पाणी अडवायला भिंत बांधायची होती आणि ती कुठून न्यायची ते “तुम्हीच सांगा,” असं सल्लागार बाई गोड हसून म्हणत होत्या. गटार कुठून न्यायचं हे आजवर कोणी आम्हाला विचारलं नव्हतं, आणि आता एकदम अख्खा समुद्र आमच्या सल्ल्याने अडवणार होते. बाईंनी लाल टाचण्या वाटल्या. ज्याच्याकडे भरतीचं पाणी शिरतं, त्याने नकाशात आपल्या जागेवर टाचणी टोचायची. आमच्या गल्लीतल्या एकानेही टोचली नाही.

पाणी येतं. मोठ्या भरतीला घराघरात येतं. माझं ताडपत्र्या शिवायचं दुकान गल्लीच्या तोंडाशी, खोलगटात आहे, तिथे तर कमरेएवढं साचतं. पण मागे अशीच एक पाहणी झाली होती. पलीकडच्या वस्तीने भिंतींवरचे ओलीचे पट्टे भाबडेपणाने दाखवले, आणि ‘राहण्यास धोकादायक’ म्हणून त्यांची घरं रिकामी करून घेतली. तेव्हापासून आमचा शिरस्ता ठरला. पाहणीवाले येणार म्हटलं की पट्ट्यांवर चुना फिरवायचा, भिजलेल्या गाद्या दडवायच्या आणि मूग गिळून बसायचं. या खेपेला तर सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं की आपापल्या घराबद्दल अवाक्षर काढायचं नाही. मला ते मनापासून पटलं होतं. दुकान गेलं तर मी आणि माझी शिवणयंत्रं जाणार कुठे?

सभा संपत आली तरी माझा धाकटा भाऊ दिसेना. तो होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो, गल्लीत आतल्या टोकाला राहतो. खिडकीतून पाहिलं तर स्वारी बाहेर बाईंशी बोलत उभी. त्याने माझ्या दुकानाकडे बोट दाखवलं आणि मग आडवा हात कमरेशी धरला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वडिलांनी दुकान माझ्या नावावर केलं तेव्हा त्याच्या बायकोने कितीतरी दिवस माझ्याशी अबोला धरला होता. आपल्याला मिळालं नाही ना, मग ताईलाही नको, असंच ठरवलं असणार दोघांनी.

संध्याकाळी मी त्याच्या गॅरेजात गेले.

“बाईंना काय सांगत होतास?”

“काही नाही गं ताई. असंच.”

“असंच कमरेला हात लावतात?”

तो फडक्याने हात पुसत राहिला. ताकास तूर लागू देईना. त्या दिवसापासून मी त्याला आणि त्याच्या पोरांना दुकानाची पायरी चढू दिली नाही. तो ठरलेलं मोडून बाईंशी बोलला, एवढं शेजारणीला कळणं पुरेसं होतं. तिने ते गल्लीभर केलं, आणि लोक आपली इंजिनं दुसरीकडे नेऊ लागले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या सभेत इंजिनियरने पडद्यावर भिंतीची रेघ दाखवली. ती गल्लीच्या मागून गेली होती. म्हणजे भिंतीच्या एका बाजूला गाव आणि दुसऱ्या बाजूला समुद्र आणि आम्ही.

“या गल्लीतून पाण्याची तक्रार नाही,” इंजिनियर म्हणाले. “पाहणीतही सगळ्या भिंती कोरड्या सापडल्या. फक्त तोंडाशी एका दुकानात पाणी शिरतं असं कळलं. ते जवळच होतं, म्हणून रेघ जराशी वळवून आत घेतलं.”

मागून कोणीतरी चाचरत विचारलं, “आता बदलता येईल का?”

“सूचनांची मुदत संपली हो.”

सगळी गल्ली माझ्याकडे पाहत होती. मी भावाकडे पाहत होते. त्याचं घर समुद्राच्या बाजूला राहिलं होतं.

बाहेर आल्यावर मी त्याला गाठलं. “स्वतःच्या घराचं का नाही सांगितलंस?”

“ठरलं होतं ना, आपापल्या घराबद्दल बोलायचं नाही. तुझं दुकान आहे. तिथे कोणी राहत नाही, मग राहण्यास धोकादायक म्हणून कसं काढतील? गल्लीत एक तरी जागा कोरडी हवी, ताई. मोठी भरती आली तर पोरांना कुठे नेणार?”

“मग मला तसं सांगायचं ना.”

“तू ऐकलं असतंस?”

मला रडू आलं. पोरांना म्हणावं आजपासून दुकानातच खेळा, एवढंच कसंबसं बोलले. तो मान हलवून निघून गेला.

शेजारीण मागेच घुटमळत होती. जवळ येऊन हळूच म्हणाली, “आमची घरं बाहेर आणि तुझं दुकान बरोबर आत. दोघं बहीणभाऊ भांडल्याचं नाटक मात्र छान केलंत हं.”

मी तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं, पण तिचा विश्वास बसला नाही. तिच्या जागी मी असते, तर माझाही बसला नसता.