बाईनं घालायचा नाही असा मुखवटा

"बाईच्या तोंडाला मुखवटा लागला की डोंगरावरून हिमकडा कोसळतो. का, असं विचारायचं नाही." आल्प्समधल्या आमच्या खोऱ्यात मुलींकडून हे प्रार्थनेच्याही आधी पाठ करून घेतात.

मी तोच मुखवटा बोलतोय. अंग पाइनच्या लाकडाचं, तोंडात मेलेल्या गाईचे खरे दात, डोक्यावर बकरीचे केस. मी भेसूर आहे, कबूल. पण माझ्या नावावर खपवलेल्या थापा माझ्याहून भेसूर आहेत.

मला कोरलं क्रेसेन्झियानं. दुसरं महायुद्ध चालू होतं. खोऱ्यातले धडधाकट पुरुष सरहद्दीवर पहाऱ्याला गेले होते. फेब्रुवारी आला. मुखवटा चढवायचा, मेंढीचं कातडं पांघरायचं, कमरेला गाईची घंटा बांधून गल्लीबोळांतून धावायचं आणि सापडेल त्याच्या तोंडाला काजळी फासायची, ही इथली फेब्रुवारीची रीत. पण धावणार कोण?

"मी," क्रेसेन्झिया म्हणाली. चुलीशेजारी बसून तिनं मला स्वतःच्या चेहऱ्याच्या मापानं पोखरलं आणि धाकट्या बहिणीला, लुडविनाला, घेऊन निघाली. पाद्रीबुवांनाही त्यांनी सोडलं नाही. हिमकडा? जागचा हलला नाही.

मग पुरुष परतले. पोटभर जेवले, आणि पहिलं काम काय केलं, तर मला तिच्या हातून काढून घेतलं. नियम तेव्हा जन्मला आणि वर्षभरात 'पूर्वापार' झाला. पुढे एका हिवाळ्यात खरंच हिमकडा कोसळला. धावत होते फक्त पुरुष. दोष मात्र खिडकीतून डोकावणाऱ्या एका मुलीला लागला.

आता क्रेसेन्झियाचाच मुलगा, थेओडूल, मुखवटा मंडळाचा अध्यक्ष आहे. उन्हाळ्यात पाहुणे येतात, चीज चाखतात आणि खोऱ्याचा इतिहास मागतात. थेओडूल मला खुंटीवरून उतरवून छाती फुगवतो. "हजार वर्षांची परंपरा! मर्दांची!" पाहुणे माना डोलावतात. हजार वर्षं म्हणे! माझ्या तोंडात ज्या गाईचे दात आहेत, ती त्याच्या आजोबांनी पाळली होती.

यंदाच्या फेब्रुवारीत त्याची नात फिलोमेना शहरातल्या कॉलेजातून घरी आली. दिवस मावळायच्या बेतात होता. बाहेर घंटा वाजू लागल्या, आणि तिनं मला सरळ तोंडावर चढवलं. स्वयंपाकघरात थेओडूल आणि मंडळाचा आल्बान सूप पीत होते. दोघांचेही चमचे वरच राहिले.

"काढ तो! हिमकडा येईल!"

"आजोबा, हिमकडा अडवायला वर एवढे बांध घातलेत ते काय शोभेला?"

"बघ थेओडूल, आणखी शिकव पोरीला," आल्बान म्हणाला.

"आल्बानकाका, ही हजार वर्षं तुम्ही कुठल्या शाळेत मोजलीत?"

"कसली हजार?" कोपऱ्यात लुडविनाआजी वाळकी भाकरी सुपात बुडवत होती. "थेओडूल्या, तुझ्या आईनं कोरला हा. तिच्यामागे मी धावले. घरी आलो तेव्हा तू पाळण्यात. आईलाच बघून भोकाड पसरलंस आणि दुपटं ओलं केलंस."

आल्बानला हसू फुटलं. त्यानं घाईघाईनं मिशी पुसली.

"मावशी, तुला आता काही आठवत नाही."

"सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, बाबा. ते दुपटं मात्र मीच धुतलं."

थेओडूलचा चेहरा माझ्याहून लाकडी झाला. "फिलोमेना," तो हळू आवाजात म्हणाला, "पाहुण्यांना मी काय सांगू?" मग एकदम ओरडला, "हा मुखवटा उद्यापासून मंडळाच्या काचेच्या पेटीत! आणि आज उंबरठा ओलांडलास तर परत या घरात यायचं नाही!"

तिचा श्वास अडखळला. मला तो आतून कळला. हेच घर तिचं, दुसरं नाही. जन्मभर मी लोकांच्या थापांचं तोंड झालो. पोरी, पेटीत जायचंच असेल तर आधी एकदा मला घालून धाव, एवढंच मागणं.

तिनं कातडी पट्टा आवळला.

"नाही काढणार. पेटी आणाच, आजोबा. रिकामी ठेवा आणि पाहुण्यांना सांगा, हाच आमचा इतिहास."

तिनं दार उघडलं. थंडी भस्सकन आत आली.  आम्ही दोघं उंबरठा ओलांडून घंटांच्या दिशेनं धावत सुटलो.