रिकाम्या जागेतला अडकित्ता

मित्रांनो, तुमच्या घरातल्या पानाच्या डब्यात माझा एखादा भाऊबंद नक्की असेल. तो सुपारी कातरतो आणि मुकाट्यानं डब्यात जाऊन पडतो. मीही एक जुना अडकित्ता आहे. पण माझ्या आयुष्यातले बरेच दिवस कायद्याच्या पुस्तकांमध्ये उभं राहण्यात गेले. ते दिवस मला एकदा तुमच्यापुढे मांडायचे आहेत. ऐकून तुम्हाला बरं वाटेलच असं मात्र नाही.

वसमतच्या एका ओताऱ्यानं मला घडवलं. त्यानं पितळेच्या दोन मुठी ओतल्या, त्यांना मोराची मान दिली आणि आत पोलादी पातं बसवलं. वर हौसेनं बारीक घुंगरंही लावली. सेनगावजवळच्या सोनाजी नावाच्या शेतकऱ्यानं मला बाजारात उचललं आणि माझं नशीब उघडलं. लग्नाच्या बैठकीत मी या हातातून त्या हातात फिरायचो. सुपारी कातरली की घुंगरं वाजायची, आणि पलीकडच्या ओसरीवरचा माणूससुद्धा म्हणायचा, "सोनाजीचा मोर आला वाटतं." त्या भागात मला ओळखत नाही असं घर नव्हतं. तेव्हा मला त्याचा केवढा गर्व होता! पुढे याच ओळखीची मला भीती वाटायला लागली.

सोनाजी वारला आणि मी त्याच्या मुलाकडे, मसाजीकडे आलो. मसाजीला बायको होती, लेकरू होतं, पोटापुरती शेती होती. पण त्याच्या डोक्यात वकिलीनं घर केलं होतं. राज्य निजामाचं होतं आणि कोर्टाचं कामकाज उर्दूत चालायचं. आपल्यावर काय हुकूम झाला हे शेतकऱ्याला दुसऱ्यानं सांगावं लागायचं, आणि सांगणारा सांगेल ते खरं धरावं लागायचं. मसाजीला हे सोसेना. तो उर्दू शिकला आणि वकिलीच्या परीक्षेसाठी हिंगोलीच्या कायद्याच्या वर्गात दाखल झाला. कमरेच्या चंचीत मी होतोच.

हा वर्ग काही म्हाताऱ्या वकिलांनी मिळून काढला होता. मोठी एक खोली, खाली सतरंजी आणि भिंतीला टेकून पुस्तकांच्या फळ्या. त्या पुस्तकांचा कारभार तातेराव मास्तरांकडे होता. पुस्तकं सांभाळायची आणि त्यांतून कायदा कसा शोधायचा ते शिकवायचं, ही दोन्ही कामं त्यांचीच. अंगानं किडकिडीत, नाकावर जाड भिंगांचा चष्मा. चष्मा काढला तर समोरचा माणूस बाई की बाप्या हेही त्यांना सांगता यायचं नाही. कुणी प्रश्न विचारला की ते कधी सरळ उत्तर देत नसत. म्हणायचे, "मला काहून विचारता? फळीला विचारा."

मास्तरांच्या वर्गाची एक रीत होती. पुस्तक घरी न्यायचं असेल तर त्याच्या रिकाम्या जागेत स्वतःची एक वस्तू ठेवायची. तिला सगळे 'ठेव' म्हणत. कुणी टोपी ठेवी, कुणी छत्री, कुणी हातातलं कडं. पुस्तक परत आणलं की ठेव उचलायची. नाव लिहायचं नाही, सही करायची नाही. मसाजी पुस्तक न्यायचा आणि मला ठेवून जायचा. असा मी दोन जाड ग्रंथांच्या मध्ये उभा राहायला शिकलो. मास्तर मला बघून हसत आणि म्हणत, "मसाजी, हा मोर कोर्टात नाचवू नको बरं! मुन्सिफ बाहेर काढील."

नव्या विद्यार्थ्याला मास्तर पहिला धडा द्यायचे तो असा: "असलेली पुस्तकं बघू नका, रिकाम्या जागा बघा. मुलखात काय चालू हाय ते रिकामी जागा सांगती." आणि ते खरंच होतं. दत्तकाचं पुस्तक गेलं की कुठल्यातरी घरात वारसाचा घोळ असायचा. वाटणीचं गेलं की भाऊ भाऊ भांडलेले असायचे. हा धडा ज्यानं सगळ्यांत चांगला गिरवला तो एक जुना विद्यार्थी मास्तरांचा फार लाडका होता. वकिली सोडून तो पोलिसात गेला आणि पुढे अमीन, म्हणजे फौजदार, होऊन हिंगोलीतच आला. "माझा शागीर्द," मास्तर कौतुकानं सांगायचे. मी फळीवरून ऐकायचो.

मग मित्रांनो, दिवस फिरले. देशात इंग्रजांचं राज्य संपलं होतं, पण आमच्याकडे निजामाचंच चालू होतं. गावांत दहशत बसली. माणसं बाजारात हळू आवाजात बोलू लागली. हट्ट्याकडून, सेनगावकडून बातम्या यायच्या, की अमक्याला धरून नेलं आणि कुठं नेलं ते कुणी सांगत नाही. फळीवर मला वेगळंच दिसत होतं. वाटणीची, दत्तकाची पुस्तकं जागच्या जागी धूळ खात उभी होती. खालच्या फळीवरचे झडतीचे, अटकेचे, तुरुंगाचे ग्रंथ तेवढे जात-येत होते. मास्तर रोज सकाळी त्या फळीपुढे उभे राहत आणि सतरंजीवर येऊन बसत. त्यांचं हसणं बंद झालं होतं.

खालच्या फळीवर नजरबंदीच्या नियमांचं एक पुस्तक होतं. अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात मसाजीनं ते नेलं आणि मला त्याच्या जागेत उभं केलं. तो गावोगाव जाऊन धरलेल्या माणसांचे अर्ज लिहू लागला. कारण लेखी सांगितल्याशिवाय माणसाला डांबता येत नाही, असा त्यात एक नियम होता, आणि मसाजीनं तो बरोबर पकडला होता. अर्ज कोर्टात पोचले. दोन-चार माणसं सुटलीसुद्धा. पण अर्ज लिहिण्याची धाटणी मास्तरांच्या वर्गाची होती, आणि ती धाटणी ओळखणारा माणूस अमिनाच्या खुर्चीत बसला होता.

त्या दिवशी भर दुपारी मास्तरांना खिडकीतून अमीन दिसला. बाहेर लिंबाला घोडा बांधत होता, बरोबर चार शिपाई होते. मास्तर ताडकन उठले. खोलीत झाडणारी अनुसयाबाई होती आणि सात-आठ विद्यार्थी होते. मसाजी नव्हता. मास्तरांची नजर थेट माझ्यावर आली. मी पितळी मोर, अख्ख्या भागानं ओळखलेला! मला पाय असते तर मी पळालो असतो. मी तिथं नुसता उभा होतो, आणि उभं राहूनच माझ्या धन्याचं नाव सांगत होतो.

मास्तरांनी मला उचललं. घुंगरं वाजली. त्यांनी मला अनुसयाबाईच्या हातात कोंबलं. जागा मोकळी सोडावी तर चोरीचा आळ घेऊन अमीन समोरच्या प्रत्येक पोराला सोलून काढणार, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि माझ्या जागेत ठेवला.

अमीन आत आला तेव्हा अनुसयाबाई झाडू घेऊन दाराकडे निघाली होती. तिच्या कनवटीला मी होतो. ती एक पाऊल टाकी आणि मी वाजे.

"काय वाजून राहिलं बाई?" अमिनानं विचारलं.

"काय वाजणार? अडकित्ता हाय माजा," अनुसयाबाई म्हणाली. "तोंडात दात न्हाईत, सुपारी कातरून खावी लागती. तुमास्नी देऊ का कातरून? हात तेवढे केराचे हायेत."

अमिनानं तोंड वाकडं केलं. "जा, जा."

ती उंबऱ्यापाशीच केर भरत रेंगाळली. त्यामुळे पुढचं सगळं मला तिच्या कनवटीतून कळलं.

अमिनानं एकाही पुस्तकाला हात लावला नाही. मास्तरांनी शिकवलं होतं तसंच त्यानं केलं. तो फळ्यांसमोरून सावकाश चालत गेला आणि खालच्या फळीपाशी थांबला. त्यानं वाकून चष्मा उचलला.

"मास्तर, ही ठेव कुणाची?"

"माझी."

"म्हणजे पुस्तक तुमच्या घरी?"

"घरी न्हाई. कुणाला तरी वाचायला दिलं. पण नेलं मीच, तवा जबाबदारी माझी."

"कुणाला दिलं?"

"इथं वाचणाऱ्याचं नाव विचारत न्हाईत. तू इथंच शिकलास."

अमीन चष्म्याची भिंगं रुमालानं पुसत राहिला. त्याचा आवाज शेवटपर्यंत चढला नाही, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली. "बरं," तो म्हणाला. "रीत तुमचीच. पुस्तक येईपर्यंत ठेव माझ्याकडं राहील. चला, मास्तर." मग विद्यार्थ्यांकडे वळून म्हणाला, "पुस्तक आणा, मास्तर न्या. बाजारात सांगा सगळ्यांना."

मास्तरांना समोरची पायरीसुद्धा दिसत नव्हती. दोन शिपायांनी धरून त्यांना उतरवलं.

कयाधूच्या काठी अनुसयाबाईचं खोपट होतं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मसाजी तिथं आला. पुस्तक त्याच्या काखेत होतं आणि चेहरा उतरलेला होता.

"मावशी, मी पुस्तक घेऊन चौकीवर जातो."

"येडा का खुळा तू?" अनुसयाबाई कडाडली. "मास्तरनं सवताला कशापायी गुतवलं? तू ऱ्हावा म्हणून. हिकडं दे ते पुस्तक, मी जाती. म्हणन, मीच नेलतं."

"तुला वाचता येत न्हाई मावशी. तो हसंल आन् तुलाबी आत टाकंल."

"मग निजामाच्या हद्दीभाईर, वऱ्हाडात निघून जा. लेकराचं तोंड बघ."

"लेकराचंच बघून राहिलो," मसाजी म्हणाला. "मोठं झाल्यावर इचारंल, तुझ्या मास्तरचं काय झालं म्हणून. काय सांगू त्याला?"

अनुसयाबाईनं मला त्याच्यापुढे धरलं. त्यानं मला हातात घेतलं, मोराच्या मानेवर अंगठा फिरवला आणि परत तिला दिलं. "राहू दे तुझ्याकडं," तो म्हणाला. "तिथं नेला तर इचारतील, इतके दिवस कुठं होता म्हणून." जाताना त्यानं तिच्या पायावर डोकं ठेवलं. मला तेव्हाच कळून चुकलं होतं. पण आम्हा वस्तूंना ओरडता येत नाही.

बाजाराच्या दिवशी, सगळा बाजार बघत असताना, मसाजी पुस्तक डोक्यावर धरून चौकीत गेला. चारचौघांत दिलेला शब्द अमिनाला मोडता येऊ नये, एवढीच त्याची युक्ती होती. आणि अमिनानं शब्द मोडला नाही. त्यानं पुस्तक उघडून पानं तपासली. मग मास्तरांना बाहेर आणलं, चष्मा स्वतःच्या हातानं त्यांच्या डोळ्यांवर चढवला आणि पुस्तक त्यांच्या हातात दिलं. "मोजून घ्या मास्तर. पानं पुरी हायेत." चष्म्यातून मास्तरांना पहिला दिसला तो मसाजी, दोन शिपायांच्या मध्ये उभा असलेला.

त्याच पुस्तकातून मास्तरांनी मसाजीचा अर्ज लिहिला. एक नाही, अनेक लिहिले. वरच्या कोर्टात गेले, वकिलांच्या दारांत बसले. मसाजीला दूरच्या तुरुंगात हलवलं, एवढंच कळलं. मग पावसाळा आला आणि तेही कळेनासं झालं.

सप्टेंबरात भारताची फौज आली आणि निजामाचं राज्य गेलं. तुरुंग उघडले. सुटलेली माणसं गाड्या भरून गावी येऊ लागली. मास्तर रोज रस्त्यावर जाऊन उभे राहत. अमीन कुठं नाहीसा झाला ते कुणाला कळलं नाही. मसाजीची बातमी हट्ट्याच्या एका सुटून आलेल्या माणसानं आणली. श्रावणातच तापानं गेला, म्हणाला. त्याच्या बायकोला, चांगुणाबाईला, अनुसयाबाई मला द्यायला गेली. तिनं मला कपाळाला लावलं आणि परत केलं. "ते तिथं शिकाया गेलते," ती म्हणाली. "त्यांची वस्तू तिथंच राहू द्या." म्हणून मी आता मास्तरांच्या बैठकीवर असतो. माझ्या पात्यावर गंज चढला आहे. मला कुणी वापरत नाही.

दिवाळीनंतर वर्ग पुन्हा सुरू झाला. पहिल्याच आठवड्यात हरिचंद नावाच्या नव्या विद्यार्थ्यानं वरच्या फळीवरचं एक पुस्तक काढलं आणि कुणीतरी शिकवल्याप्रमाणे त्या जागेत आपली टोपी ठेवली. मास्तर उठले. त्यांनी टोपी काढली, झटकली आणि त्याच्या डोक्यावर घातली.

"घेऊन जा पुस्तक. ठेव नको."

हरिचंद गोंधळला. "मग मास्तर, कुणी नेलं ते तुमाला कळणार कसं?"

"कळायलाच नको," मास्तर म्हणाले. त्यांनी खालच्या फळीकडं बघितलं. मग ते म्हणाले, "जे मला कळतं ना बाबा, ते माझ्याकडून कुणीतरी काढून घेऊ शकतं."

तेव्हापासून पुस्तकं जातात आणि त्यांच्या जागा मोकळ्याच राहतात. काही पुस्तकं परत आली नाहीत. जुने वकील कुरकुर करतात. मास्तर ऐकून घेतात.

मित्रांनो, पुस्तक जपून वापरा, त्याची पानं दुमडू नका, ते वेळेवर परत करा, हे सगळं तुम्हाला गुरुजी सांगतीलच. मी एवढंच मागतो, की पुस्तक नेणाऱ्यालाही जपा. उद्या कुणी तुमच्या दारात येऊन गोड आवाजात विचारलं, की हे पुस्तक कोण वाचत होतं, तर पटकन नाव सांगू नका. तो कशासाठी विचारतो आहे, हे आधी त्याला विचारा.