सोळाच्या खाली नाही

२६ मार्च २०२०, गुरुवार. सकाळी नऊ वाजून पस्तीस मिनिटांनी वालारू या बंदरगावातल्या लायल पेनहेलने लॉडन अँड सदर्न बँकेचे दोन हजार पाचशे साठ शेअर सोळा डॉलर भावाने विकत घेतले. त्याची बायको कोरल तेव्हा बाथरूममध्ये होती. तिला त्याने सांगितले नाही.

पेनहेलांच्या स्वयंपाकघरात दोन घड्याळे होती. एक घरचे, दुसरे अर्धा तास पुढचे, म्हणजे सिडनीचे. शेअर बाजार सिडनीच्या दहाला उघडतो, तोही कंपन्यांच्या आद्याक्षरांप्रमाणे, टप्प्याटप्प्याने. लॉडनची पाळी साडेचार मिनिटांनी यायची. धान्याच्या कोठारांवरच्या वजनकाट्यावर एकतीस वर्षे काढलेल्या लायलला निवृत्तीनंतर हा एक नाद होता. बँकेचे सहाशे शेअर त्याला वडिलांकडून मिळाले होते. सत्तावीस वर्षांत एकदाही डिव्हिडंड चुकला नव्हता. बँकेची सगळी पत्रे त्याने बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवली होती.

त्या सकाळी त्याने जे पैसे वापरले ते मात्र कोरलच्या पायाचे होते.

कोरलच्या कण्यात नस दाबली गेली होती. डावा पाय बोटांकडून बधिर होत वर चालला होता. सरकारी यादीत नंबर लागायला वर्ष गेले असते, म्हणून दोघांनी अॅडलेडच्या एका सर्जनकडे स्वतःच्या खर्चाने ऑपरेशन ठरवले. तारीख सात एप्रिल. बचत खात्यात एकेचाळीस हजार डॉलर बाजूला काढले. ऑपरेशनपुरते तेवढे पुरणार होते. नंतर चालायला शिकवणाऱ्या केंद्राचे तीन हजार कुठून आणायचे, ते ठरले नव्हते.

बुधवारी रात्री टीव्हीवर जाहीर झाले, की साथीमुळे देशभर तातडीची नसलेली ऑपरेशने बंद. गुरुवारी नऊला सर्जनच्या दवाखान्यातून फोन आला. तारीख रद्द, पुढची माहीत नाही.

"ऑगस्ट तरी उजाडेल," लायल म्हणाला.

"तोवर मी लाकडी पाय घेते आणि बंदरावर चाच्यांमध्ये नाव घालते," कोरल म्हणाली आणि काठी टेकत बाथरूमकडे गेली.

लायलने हिशेब मांडला तो तेव्हा. फेब्रुवारीत सव्वीसला असलेला शेअर सोळावर आला होता. चार मेला डिव्हिडंड जाहीर होणार. नेहमीसारखा झाला, तर कराच्या परताव्यासकट तीन हजार हाती येत होते. चालायला शिकवणाऱ्या केंद्राला लागतात तेवढेच. तिच्याच पायाचे पैसे तिच्याच पायासाठी चार महिने राबतील, मग त्यात चोरी कसली? कोरल बाहेर आली तेव्हा तो बटण दाबून मोकळा झाला होता आणि चहा ओतत होता.

सर्जनने एक काम सांगून ठेवले होते. रोज सकाळी पेन्सिलीचे टोक पायाच्या बोटांपासून हळूहळू वर न्यायचे. जिथे कळू लागेल तिथे बॉलपेनने रेघ मारायची आणि वहीत लिहायचे. हे काम लायलचे. कोरल डोळे मिटून बसायची.

"आता?"

"नाही."

"आता?"

"अरे, टोचतोयस की नुसता हवेत फिरवतोयस?"

"आता?"

"हं. आता."

मार्चअखेरीस रेघ बोटांच्या मुळाशी होती. ईस्टरला पावलाच्या निम्म्यावर आली. शेअर त्या आठवड्यात सतरा चाळीसला होता. लायलने वर्तमानपत्रातल्या बातमीवर पेनाने खूण केली आणि कोरलसाठी बेकरीतून मांस-बटाटा भरलेली मोठी पास्टी आणली.

"लॉटरी लागली वाटतं?" तिने विचारले.

"साथीत माणसानं जरा खाऊन घ्यावं."

"आणि पायाचे पैसे?"

"आहेत की. कुठं जातायत?"

पंचवीस एप्रिलला, सैनिकांच्या स्मरणदिनी, गर्दीला बंदी होती. म्हणून पहाटे सहाला जो तो आपल्या फाटकाशी मेणबत्ती घेऊन उभा राहिला. कोरल स्लिपरमध्ये होती, एका हाताने पत्रपेटी धरून. कुठल्याशा अंगणातून बिगुल वाजत असताना लायलचे लक्ष खाली गेले. तिच्या मेणबत्तीचे मेण डाव्या पावलावर ठिबकत होते. एक थेंब, दुसरा, तिसरा. ती समोर रस्त्याकडे पाहत होती. घरात आल्यावर त्याने मेण नखाने खरवडले. खालची कातडी लाल झाली होती.

"काय करतोयस?"

"काही नाही. चिखल लागलाय."

एकोणतीस एप्रिलला, बुधवारी, दवाखान्यातून पुन्हा फोन आला. ऑपरेशने थोड्या प्रमाणात सुरू होत होती.

"मिसेस पेनहेल, तुमचा पाय बघून डॉक्टरांनी तुम्हाला वर घेतलंय. बारा मे. पण हॉस्पिटलला पैसे आधी भरावे लागतात. मंगळवारी, पाच मेला, संध्याकाळी पाचच्या आत. नाही जमलं तर आताच सांगा, मागे चार जण थांबलेत."

"जमणार नाही म्हणजे? पैसे बाजूला काढलेलेच आहेत," कोरल म्हणाली. लायल दारात उभा होता. तिने त्याच्याकडे बघून अंगठा वर केला.

शेअर विकला की पैसे हाती यायला कामाचे दोन दिवस लागतात. मंगळवारी हवे असतील तर शुक्रवारी विकायलाच हवे. गुरुवारी भाव सोळा सत्तरवर बंद झाला. सगळे वसूल होऊन वर सतराशे डॉलर सुटत होते. लायलने त्या दिवशी विकले नाही. शुक्रवारी सतरा दिसतील, असे त्याला वाटले.

शुक्रवारी लॉडन पंधरा साठवर उघडला. सगळा बाजारच कोसळत होता. लायलने विक्रीचा भाव सोळा टाकला आणि खुर्ची पुढे ओढून बसला. त्याखाली एक सेंटही नाही. जेवढ्याला घेतला तेवढ्याला तरी जायलाच हवा होता, नाहीतर कोरलला सगळे सांगावे लागले असते. पंधरा साठला विकून हजारभर कमी पडत होते. कुंपणापलीकडच्या ट्रेव्हर अँगविनने ते हसत दिले असते, आणि रविवारपर्यंत अख्ख्या वालारूला कळले असते.

दुपारी अँगविनने कुंपणावरून डोके काढले. हा निवृत्त पोलीस, लॉडनचे शेअर त्याच्याकडेही होते.

"काय पेनहेल, रक्त बघतोयस का पडद्यावर?"

"सोमवारी डिव्हिडंड सांगतील. वर जाईल."

"तुझ्या तोंडात साखर पडो. माझी बायको म्हणते, विकून कोंबड्या घे, निदान अंडी देतील."

साडेतीनला, म्हणजे सिडनीच्या चारला, बाजार बंद झाला. लॉडन पंधरा अडतीस. लायलची विक्री झाली नव्हती. सोमवारी पहिल्या मिनिटाला मिळेल त्या भावाने विकायचे आणि दवाखान्याकडे एका दिवसाची सवलत मागायची, असे त्याने ठरवले.

चार मे, सोमवार. पेन्सिल घोट्याच्या वर चार बोटे जाईपर्यंत कोरल "नाही"च म्हणत राहिली. लायलने रेघ मारली, वहीत लिहिले आणि सिडनीच्या घड्याळाकडे बघत पडद्यासमोर बसला. दहा झाले. साडेचार मिनिटे झाली. लॉडनचा आकडा हलला नाही. पंधरा अडतीस, जिथल्या तिथे. त्याने पान पुन्हा उघडले. बँकेच्या नावापुढे सूचना होती: व्यवहार थांबवले आहेत, बुधवारी सकाळी पुन्हा सुरू होतील. खाली बँकेचे निवेदन. थकणाऱ्या कर्जांसाठी भांडवल उभारायचे आहे. नवे शेअर बारा डॉलर चाळीसला देणार. यंदाच्या सहामाहीचा डिव्हिडंड नाही.

"लायल!" बाहेरून अँगविन ओरडला. "ऐकलंस का? बुडवला की रे तुझ्या लाडक्या बँकेनं! दारच लावून घेतलं, विकताही येईना!"

कोरल खुर्चीत बसून मोजे चढवत होती. "आपले तर सहाशेच आहेत ना त्यात?"

लायलने पडद्यावरचे पान पुन्हा एकदा उघडले.

"बरं, ते राहू दे. हॉस्पिटलचे आजच भरून टाकते. उद्याची घाई कशाला? खात्याचं कार्ड दे."

"कोरल."

"काय?"

"सगळे लॉडनमध्ये आहेत."

ती मोजा चढवायची थांबली. एक मोजा हातातच होता.

"सगळे म्हणजे? माझे?"

"ऑपरेशनं बंद झाली होती. चालायच्या केंद्राचे तीन हजार कमी पडत होते ना, म्हणून मी—"

"कधी?"

"मार्चमध्ये. रद्द झाल्याचा फोन आला त्याच दिवशी."

"आणि रोज सकाळी माझ्या पायावर रेघा मारत होतास."

"बुधवारी उघडल्या उघडल्या विकतो. शुक्रवारी पैसे येतील."

"किती येतील?"

"माहीत नाही."

"लायल, त्या दिवशी पायावर चिखल नव्हता. मी संध्याकाळी पाहिला फोड." तिने मोजा खाली ठेवला. "फोन दे इकडे. तू बोलू नकोस."

दवाखान्यातल्या बाईने शांतपणे ऐकून घेतले. "शुक्रवारपर्यंत थांबता येईल का ते डॉक्टरांना विचारते, मिसेस पेनहेल. शब्द देत नाही. मागच्या पेशंटला तयार राहा म्हणून सांगावं लागेल."

"सांगा," कोरल म्हणाली.

लायल कुंपणापर्यंत गेला. अँगविनकडे चार हजार होते, तेवढे द्यायला तो तयार झाला आणि या वेळी हसला नाही. बाकीचे सदतीस हजार वालारूत कुणाकडेच मागण्यासारखे नव्हते.

मंगळवारी सकाळी कोरलने पेन्सिल स्वतःच घेतली. रेघ घोट्याच्या वर पाच बोटे. पेन बंद करून तिने फोन मांडीवर ठेवला. लायलने दुपारी टोस्ट आणि चहा आणून ठेवला, तो तसाच गार झाला.

संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांपर्यंत दवाखान्यातून फोन आला नव्हता. पडद्यावर लॉडन पंधरा अडतीसलाच होता. व्यवहार बुधवारी सकाळी, वालारूच्या नऊ वाजून साडेचौतीस मिनिटांनी, सुरू होणार होते.